रामराम ओळखणारे रंगाभाऊ

आमच्या ऑफिसचं दार वाजवून कुणी "मी आहे" म्हणालं, की रंगाभाऊ मान वर न करता आतून ओरडतात, "मी म्हंजे कोण? परत वाजवा!" माणूस बिचारा परत वाजवतो. मग हे म्हणतात, "हां, आळ्याचे गुरुजी. या." दाराला चांगली काच आहे, पलीकडचा माणूस धडधडीत दिसतो. पण बघतील तर शपथ! "नाव कुनीबी सांगतं, राव. वाजवायची पद्धत खोटं न्हाई बोलत." एकदा तर आमचे चेअरमन भर उन्हात दार वाजवत उभे राहिले. शेवटी त्यांनी लाथ घातली, तेव्हा भाऊ म्हणाले, "आत्ता ओळखलं."

मी शैला. आळेफाट्याला आमच्या शेतकरी कंपनीत टोकनचं काम बघते, म्हणजे खरं तर लोकांच्या शिव्या खाते. टोमॅटोच्या हंगामात मार्केटच्या गेटवर गाड्या तुंबू नयेत म्हणून आम्ही साइट काढली. सकाळी सहाला ती उघडते. शेतकऱ्यानं सभासद नंबर टाकायचा, टोकन घ्यायचं, आणि त्या वेळेला गाडी आत. ही साइट रंगाभाऊंनी बांधली. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला हा माणूस तिला दुभत्या म्हशीसारखं जपतो.

यंदा मात्र घात झाला. साइट उघडायचा अवकाश, टोकनं गायब! कुण्या दलालानं सभासदांचे नंबर गोळा करून आपोआप टोकनं घेणारा प्रोग्रॅम लावला होता. शेतकऱ्याचं बोट स्क्रीनला टेकेपर्यंत प्रोग्रॅम सगळं उचलून मोकळा. इकडे तोडलेला माल गाडीत, गाडी गेटबाहेर, क्रेटमधून रस गळतोय आणि मालक माझ्या टेबलावर मुठी आपटतोय. चेअरमननी बजावलं, "सोमवारी लोकांना टोकनं मिळाली पायजेत. नायतर साइट बंद. आपली रांगच बरी."

साइट बंद म्हटल्यावर रंगाभाऊंचा चेहरा उतरला. पण लगेच ते मला शिकवायलाच बसले. "ताई, तो प्रोग्रॅम सांगतो, मी साधा ब्राउझर हाय. सांगंना का! पण नंबर सांगायच्या आधी त्याला सर्व्हरला रामराम घालावा लागतो. बोलणं झाकायची मला कोनती कुलपं येतात, कोनत्या क्रमानं, हे त्या रामरामात असतं. त्याच्यावरून जात कळती."

"मग पकडा की!"

"पकडायला टूल पायजे. टूल निवडायचं म्हंजे राखणीचं कुत्रं निवडायचं."

झालं. आठवडाभर ऑफिसात कुत्र्यांचीच भाषा. पहिल्या टूलचं नाव काळ्या. ते रामरामातला क्रम जसाच्या तसा ताडून बघायचं. आता नवे ब्राउझर तो क्रम मुद्दाम दर वेळी बदलतात, त्यामुळे काळ्या घरच्याच माणसांवर भुंकत सुटला. दुसरा मोत्या. तो आधी सगळं क्रमानं लावून घ्यायचा आणि मग ताडायचा, म्हणून फसायचा नाही. पण ओळख वाईट निघाली की दारातच लचका. तिसरा खंड्या. नुसत्या रामरामावर कुणाला हाकलायचा नाही, आत घेऊन माणूस वागतो कसा ते बघायचा. गुणाचा होता, पण त्याला शिकवायला वेळ हवा, आणि सोमवार तर उंबऱ्यावर आलेला.

"मोत्या लावा आणि सुटा," मी म्हणाले.

"हूं," भाऊ म्हणाले, आणि बसून राहिले. चेअरमनचे फोनवर फोन. रविवारी दुपारी माझा पारा चढला. "अहो, लोकांचा माल कुजतोय! काय मुहूर्त काढताय?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. मोत्याची चाचणी झाली होती. दलालाचा प्रोग्रॅम बरोबर धरला होता. पण त्याच ओळखीचे काही जुने फोनही त्यानं धरले होते. प्रोग्रॅमचा सांगाडा जुना, या फोनांचाही जुना, रामराम दोघांचा एकच.

"त्यांना मी फोनवरून टोकन देते. त्यात काय एवढं?"

"ह्याला टोकन नकोच हाय." त्यांनी एका सभासद नंबरावर बोट ठेवलं. "मढ गावचा हाय. टोमॅटो लावलेला न्हाई. रोज सहाला साइट उघडतो, नंबर टाकतो, काय बी घेत न्हाई, बंद करतो."

"कोण हा रिकामटेकडा?"

"आमचे आबा."

आई गेल्यावर यांनी वडलांना फाट्याला राहायला बोलावलं होतं. शेतात एकटं घर, बिबट्याचा वावर. म्हातारा म्हणाला, रान सोडणार नाय. शब्दाला शब्द वाढला आणि वर्षभर अबोला. एवढं सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं.

"कशाला उघडत्यात, काय म्हाईत. पन उघडली की मला कळतं, आबा उठल्यात. चांगलं हायेत. तेवढंच कळतं मला, ताई."

"मग त्यांचा एक फोन सोडा ना!"

"कसा सोडू? मोत्या दारातच हाकलतो, नंबर सांगायच्या आधी. ती ओळख सोडली की आख्खा दलाल आत."

"मग सरळ फोन लावा त्यांना."

"मी लावीन. त्यांनी उचलला पायजे ना."

सोमवारी सहाच्या आधीच आम्ही सगळे ऑफिसात. दारं-खिडक्या सताड उघड्या, चेअरमन येरझाऱ्या घालतायत. रंगाभाऊंनी स्वतःच्या हातानं मोत्या सोडला. साइट उघडली. दलालाचा प्रोग्रॅम धडका मारत राहिला आणि दारातूनच परत जात राहिला. टोकनं हळूहळू, माणसाच्या वेगानं जायला लागली. पिंपळवंडी, ओतूर, बेल्हे, ओळखीची नावं दिसायला लागली. चेअरमननी रंगाभाऊंची पाठ थोपटली, "जिंकलंस, गड्या!"

रंगाभाऊंनी मान हलवली. त्यांचं लक्ष अडवलेल्या फोनांकडे होतं. तिथं नंबर दिसत नव्हते, पण सहाच्या ठोक्याला एक जुना फोन आला होता, मढचाच असणार. परत गेला होता. पुन्हा आला होता. आबा सारखे उघडून बघत होते. मग यायचे थांबले. भाऊंनी मोबाइल हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मला एवढा राग आला की तो हिसकावून घ्यावा आणि मीच लावावा. पण माझा टेबलावरचा फोन खणखणत होता, जुने फोनवाले टोकन मागत होते. त्यांची टोकनं काढता काढता दुपार कधी झाली ते कळलं नाही.

तेवढ्यात आत एक म्हातारा आला. टोपी घामानं भिजलेली, धोतर धुळीनं माखलेलं, मोबाइल मुठीत घट्ट. एसटीतून उतरून धावत आल्यासारखी धाप लागलेली. रंगाभाऊ खुर्चीतून उठले आणि तसेच उभे राहिले.

"आबा?"

म्हाताऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग भिंतीला हात टेकला.

"साइट उघडंना तुझी. रोज उघडती. उघडली की म्हनायचो, पोरगं कामावर हाय, बरं हाय. आज लई येळा दाबलं. उघडंचना. मला वाटलं, तुला काय झालं."

रंगाभाऊंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. बोलायला गेले तर तोंडातून भलतंच निघालं, "आबा, तुमचा फोन जुना झालाय..."

"फोनाला घाल चुलीत! तू बरा हायस न्हवं?"

मी चहा सांगितला. चेअरमन बाहेर जाऊन उगाचच गाड्या बघायला लागले. आबा कपातला चहा बशीत ओतत राहिले, पण पीत नव्हते.

"उद्या उघडंल का?"

"खंड्याला शिकवायला येळ लागंल," रंगाभाऊ म्हणाले. म्हाताऱ्याला काही कळलं नाही. "तवर फोन लावा की, आबा."

आबांनी बशी खाली ठेवली. "उचलशील?"

रंगाभाऊ बाहीनं डोळे पुसत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "न उचलून जातात कुठं? मी हाय हितं."