कुंपणापलीकडच्या शिंदे मॅडम

शिंदे मॅडम प्रश्न विचारतात आणि उत्तर घेत नाहीत. म्हणजे लगेच घेत नाहीत. कुंपणापलीकडून "संजय, चहा घेणार?" असं विचारून त्या बोटांच्या पेरांवर सात मोजतात. मध्येच हो म्हटलं की ऐकवतात, "थांब. तू विचार केलेला नाहीस, नुसतं तोंड उघडलंस." मी जन्मात कधी चहाला नाही म्हटलेलं नाही, तरी सात पेरं होईपर्यंत मुकाट उभा राहतो.

या बाई माझ्या शेजाऱ्याच्या, निखिलच्या आई. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हणालो, तर म्हणाल्या, "काकू कुणाची? मॅडम म्हण." मूळच्या साताऱ्याच्या. उभा जन्म शिक्षकांना शिकवण्यात गेला. जिल्हाभर शिबिरं घेत फिरायच्या आणि निखिल पाचवीपासून वसतिगृहात. निवृत्त झाल्यावर तरी घरी बसाव्यात, तर केनियाच्या उत्तरेला निर्वासितांच्या छावणीत गेल्या, तिथल्या शिक्षकांना तयार करायला. सहा वर्षं तिथेच. मार्च २०२० मध्ये पंधरा दिवसांसाठी इथे आयर्लंडमध्ये, मेनूथला लेकाकडे आल्या आणि विमानं बंद झाली.

मॅडमना परत जायचं होतं. हे त्या निखिलसमोर, सूनबाईंसमोर, पोस्टमनसमोरही बोलायच्या. निखिल इथल्या लोकांसारखं नुसतं "ग्रँड, आई", म्हणजे ठीक आहे, म्हणायचा आणि मीटिंगसाठी वर निघून जायचा.

जाता येत नाही म्हणून वर्ग थांबला नाही. दर मंगळवारी सकाळी अकराला मागच्या अंगणात फोनवरून भरायचा. बावीस शिक्षक होते, सगळे स्वतःच निर्वासित. कुणी स्वतःची शाळा जेमतेम पुरी केलेली, कुणी पाठीवर बाळ घेऊन बसणारी. शाळा बंद, नेटवर्क बेभरवशाचं, त्यामुळे कधी पंधरा यायचे, कधी चार. त्यांतली आचोल नावाची मुलगी मात्र एकदाही चुकली नाही. प्लँटमध्ये शिफ्ट नसली की कुंपणाच्या अलीकडे खुर्ची टाकून मी ढ विद्यार्थ्याचं काम करायचो. या कामाला मला तालमीची गरज पडली नाही.

सात मोजण्याचं कारण तिथेच कळलं. "एकशेतीस पोरं असतात एका वर्गात," मॅडम म्हणाल्या. "वर पत्रा. पाऊस आला की तुझा आवाज तुलाच ऐकू येत नाही. पुढची दहा पोरं हात वर करतात आणि वर्ग त्यांच्यावरच चालतो. मागे बसलेली पोरगी पहाटेपासून पाण्याच्या रांगेत उभी राहून आलीय. प्रश्न तिच्या भाषेतला नाही. तिला सात आकडे तरी देशील की नाही?" त्यानंतर चहासाठी थांबताना मी चुळबुळ करायचो नाही.

नव्या वर्षात तिकडच्या शाळा उघडल्या. इकडे लॉकडाऊनमुळे आमचं घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरणं चालूच होतं. अपूर्णांकांचा पाठ होता. मॅडमनी ब्राऊन ब्रेडची आख्खी लादी आणली, अर्धी कापली, पाव केली. मी ढ असूनही मला समजलं. आणि फोनमधून आचोल हळूच म्हणाली, "मॅडम, माफ करा. या महिन्यात रेशन कमी आलंय. मुलं काही न खाता येतात. मी त्यांच्यासमोर ब्रेड कापला तर त्यांना अपूर्णांक दिसणार नाही. मी दोरी घेईन, तिला गाठी मारीन."

मॅडमनी ब्रेड फडक्याखाली झाकला. मग "बरोबर," म्हणाल्या आणि पुढचा पाठ आचोललाच घ्यायला सांगितला. फोन बंद झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सहा वर्षं मी त्या वर्गांसमोर डबा उघडला नाही रे. आणि इथे वर्ष व्हायच्या आत विसरले." एवढ्या शरमलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

उन्हाळ्यात विमानं सुरू झाली आणि छावणीतल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेची मेल आली. तुमची जागा राखून ठेवली आहे, येताय का? नसाल येत, तर छावणीतल्याच कुणाचं नाव सुचवा. मॅडमनी मला इंग्रजी तपासायला बोलावलं. उत्तर दोन ओळींचं होतं. त्यात आचोलचं नाव होतं.

"मॅडम, नक्की ना?"

"तिथे उभं राहायला तिथलंच माणूस हवं. मी तिला शिकवलं ते कशासाठी मग?" मेल पाठवून त्यांनी चष्मा काढला. "मला जायचं होतं रे, संजय. फार जायचं होतं." आणि माझ्यासमोर त्या रडल्या. मी तिथेच बसून राहिलो.

दोन दिवसांनी सकाळी निखिल कचऱ्याचा हिरवा बिन रस्त्यावर ठेवताना भेटला. चाळिशीतला माणूस, पण चेहरा असा की शाळेला अचानक सुट्टी मिळालीय.

"ऐकलंस का? आई राहतेय! इथे राहायची मुदत वाढवायचा अर्जही भरला मी. मी म्हटलं, अगं, तुझी छावणी? तर म्हणाली, आता तुझ्याजवळ राहायचंय." त्याने बिन कडेला सरकवला. "पाचवीपासून वाट बघतोय यार मी हे ऐकायची." मग जरा बिचकत त्याने विचारलं, "तुला काही वेगळं बोलली का ती?"

"नाही रे," मी म्हणालो. "मलाही हेच म्हणाल्या."