भोयेकाकांचं पटल

आमच्या जव्हारात भोयेकाकांच्या ओसरीवर एक हिरव्या रेक्झिनचं टेबल आहे. त्याला टेबल म्हटलेलं काकांना खपत नाही. ते पटल आहे. घरात कुठलाही नवा नियम करायचा झाला की काका तो कागदावर लिहितात, खाली ‘हरकती’ असा रकाना आखतात आणि कागद तीस दिवस पटलावर ठेवतात. वर वजन म्हणून अडकित्ता.

आता मजा अशी, की काकू गेल्यापासून काका घरात एकटेच असतात. हरकत घेणार कोण? तरीही तीस दिवस म्हणजे तीस दिवस. ‘चहात साखर अर्धाच चमचा’ हा नियम महिनाभर पडून होता आणि काका महिनाभर कुरकुरत पूर्ण चमचा घालत होते. ‘मांजरीस ओसरीवर मनाई’ हा नियम ठेवला, तेव्हा मांजर रोज येऊन नेमकी त्याच कागदावर झोपायला लागली. काकांनी ती हरकत धरली आणि नियम मागे घेतला.

माझं दुकान त्यांच्या समोरच. झेरॉक्सचं. काका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले, पण कागद काही त्यांच्यातून निवृत्त झाले नाहीत. मोखाड्याच्या जीपवाल्याने भाडं वाढवलं तर म्हणणार, “हा नियम पटलावर ठेवला होता का?” जीपवाला म्हणणार, “काका, बसताय का उतरताय?” मागे वीस माणसं कोंबलेली आणि काका कायदा समजावतायत. शेवटी लोकच त्यांना हाताला धरून आत ओढतात.

मध्यंतरी काका एक राजपत्र घेऊन दुकानात आले. चेहरा असा, की मी चालू मशीन बंद केलं.

“लाल तिकोन काढतायत,” ते म्हणाले.

शेतीच्या विषारी औषधावर लाल तिकोन असतो. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही तो कळतो. शेती खात्याने नवा नियम केला होता, की लहान पाकिटांवर जागा पुरत नाही, तेव्हा तिथे तिकोन छापला नाही तरी चालेल. आणि आमच्याकडे डोंगरात मोठं पाकीट घेतो कोण? सगळा कारभार लहान पाकिटांचा.

“मग आता काय? नियम तर झाला,” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघितलं. “अरे, खातं नियम करतं, पण तो विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा लागतो. अधिवेशनाचे तीस दिवस. एका अधिवेशनात भरले नाहीत तर उरलेले पुढच्यात. तेवढ्यात सभागृहाने ठराव केला तर नियम रद्द! खात्याकडे पेन्सिल असते, बाबा. खोडरबर आमदाराकडे असतं.”

मग काय, काका कामाला लागले. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीच्या शेजारी पोतं अंथरून बसले. पुढ्यात अर्ज आणि शाईचा पॅड.

“रेशनचा हाय का?” बाया विचारायच्या.

“रेशनचा नाही. विषाचा.”

बाया दोन पावलं मागे. मग काका पाकीट दाखवून तिकोन समजावायचे आणि त्या परत पुढे यायच्या. अंगठ्यांनी दोन पानं भरली. अर्ज आमदारांच्या कचेरीत गेला. तिथल्या साहाय्यकाने ‘साहेबांना दाखवतो’ म्हणून तो एका गठ्ठ्यात खोचला. काका त्या गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत उभे होते. गठ्ठ्यांचं त्यांना सगळंच माहीत.

अधिवेशन लवकर आटोपलं. मी रोज पेपर वाचून दाखवत होतो. तिकोनाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

“हरकती?” काकांनी विचारलं.

“कुणीच घेतली नाही, काका.”

“निरंक,” ते म्हणाले, आणि दुकानातल्या बाकावर बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं. उभ्यानेच भांडायची सवय.

मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी अशीच सूट द्यायचं घाटत होतं. गावोगावच्या हरकती मागवणारा कागद त्यांच्या टेबलावर आला. गावांत जायचं, विचारायचं, कळवायचं. काकांनी जागेवरून न उठता लिहिलं, ‘हरकती: निरंक’. सगळेच तसं लिहायचे. सूट मिळाली. आणि जामसरला त्यांच्या धाकट्या बहिणीने, सोनीबाईने, बिनतिकोनाचं पाकीट दातांनी फोडलं आणि पूड हाताने बियाण्यात कालवली.

“वाचली ती. पुढे सूटही गेली. पण तिचे हात बघितलेस ना तू?”

बघितले होते. कायम कापत असतात. मला वाटायचं, वयामुळे.

“तिला सांगितलंत कधी?”

“नाही.”

दुसऱ्या दिवशी पटलावर नवा कागद होता. ‘यापुढे या घरातून कोणताही अर्ज लिहिला जाणार नाही.’ मला तो वाचून फार वाईट वाटलं. हरकत लिहावी म्हणून पेन उचललं, पण काय लिहावं ते सुचेना.

त्याच आठवड्यात सोनीबाई नागलीचं पीठ घेऊन जामसरहून आल्या. काका आत चहा टाकत होते. सोनीबाईंनी मला हाक मारली, “ह्या कागदावर काय लिवलाय रं?”

मी वाचून दाखवलं. आणि मला राहवलं नाही, निरंकाची गोष्टही सांगून टाकली. काका चहा घेऊन दारात कधी आले ते मला कळलंच नाही.

सोनीबाई त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, “दादा, त्या वख्ताला तू मला इचारला नाय. आता इचार.”

काका नुसते कप पटलावर मांडत राहिले.

“मग मीच सांगते. मला ह्यो नेम नाय चालायचा.” त्यांनी पटलावरचा शाईचा पॅड ओढला आणि रकान्यात अंगठा टेकवला. हात थरथरला, त्यामुळे एकाच अंगठ्याचे दोन उमटले.

काकांनी चष्मा पुसला, परत पुसला. रकान्यात लिहिलं, ‘हरकती: एक’. वरचा नियम आडव्या रेघेने खोडला. मग माझ्याकडे वळून विचारलं, “अधिवेशनाचे तीस दिवस भरले का रे?”

“नाही काका. निम्मेही नाही.”

“मग पुढच्यात उरलेत की! अर्जाच्या पाच प्रती काढ.”

सोनीबाईंनी कप दोन्ही हातांनी धरला होता. काकांनी त्याखाली बशी धरली, आणि चहा संपेपर्यंत धरून ठेवली.