ईस्टरच्या पाण्याची बरणी

दुसऱ्याच्या घरात भांड्याला हात लावण्याआधी विचारावं, एवढी साधी रीत माझ्या जावयाला त्याच्या आईने शिकवलेली नाही. माणूस वाईट नाही. दारू पीत नाही, माझ्या सोलांजशी चढ्या आवाजात बोलत नाही, चर्चमध्ये झोपला तरी घोरत नाही. पण त्याच्या लेखी भांडं म्हणजे भांडं. रिकामं दिसलं की भरायचं, भरलेलं दिसलं की रिकामं करून भरायचं.

फर्नां माँट्रियलचा. तिथल्या एका बुटांच्या दुकानात विकायला उभा असतो. दुकानाची डागडुजी निघाली म्हणून मालकाने ईस्टरपर्यंत सुटी दिली आणि हे दोघं मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे येऊन राहिले. इकडे जानेवारीतच मेपलच्या झाडांचं गोड पाणी आटवून आम्ही पाक करतो त्या टेकडीवरच्या झोपडीचं छप्पर बर्फाखाली बसलं होतं. माझ्या नवऱ्याचा, ओविलाचा, गुडघा तर त्याच्याही आधी बसलेला.

"यंदा पाक नाही," मी जाहीर केलं.

"मी करतो ना, आई," फर्नां म्हणाला. "रस्त्याच्या कडेला आपले तीस मेपल आहेत. घरच्याच शेगडीवर आटवू."

"तुम्ही?"

"हो. त्यात काय? पाणी तर आटवायचं."

'त्यात काय' म्हणणाऱ्या माणसापासून मी चार हात लांब राहते. पण हा माझ्याच घरात राहत होता.

त्याने झाडांना भोकं पाडली, तोट्या ठोकल्या, बादल्या टांगल्या आणि वाट बघत बसला. मेपलला रात्री कडाक्याची थंडी लागते आणि दिवसा ऊन. दोन्हींपैकी एक जरी चुकलं तरी झाड थेंब सोडत नाही. दहा दिवस नुसती थंडी पडली. मग एक दिवस पाऊस, मग पुन्हा गुडघाभर बर्फ. फर्नां तासातासाला जाऊन बादलीत डोकावून यायचा, जसा काही आत पाहुणा उतरलाय.

"अरे, टक लावून बघितल्यावर गाय तरी दूध देते का?" ओविला खिडकीतून ओरडायचा.

संत योसेफाच्या सणाला, एकोणीस मार्चला, हवा फिरली. रात्री पाणी दगडासारखं गोठलं आणि सकाळी असं ऊन पडलं की पागोळ्या गळायला लागल्या. झाडांनी जणू नळ सोडले. दुपारपर्यंत तीसही बादल्या ओसंडल्या. फर्नांने दुधाचे कॅन भरले, कपडे धुवायचा टब भरला, सोलांज लहानपणी ज्यात न्हायची ते घमेलंसुद्धा माळ्यावरून काढून भरलं. ओविलाचे रबरी बूट त्याने उचलले, हुंगले आणि परत ठेवले. बुटांपुरती अक्कल त्याला आहे.

शेगडीवर दोन पसरट पातेली धडधडत होती, पण चाळीस बादल्या आटतात तेव्हा एक बादली पाक होतो. मग त्याने डोकं चालवलं. सगळं पाणी थोडं थोडं आटवून ठेवलं की कमी भांड्यांत मावेल. तसं त्याने केलं. तरीही एक भांडं कमी पडलंच.

मी त्या दुपारी वेदीवरच्या कापडांना इस्त्री करायला चर्चमध्ये गेले होते. मी घरात असते तर हे झालं नसतं. मी घरात नव्हते आणि कोठीच्या खोलीत फळीवर माझी चिनी मातीची बरणी होती.

त्या बरणीत ईस्टरचं पाणी असतं. ईस्टरच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत ओढ्यावर जायचं आणि प्रवाहाच्या उलट्या अंगाने भरून आणायचं. मग ते वर्षभर नासत नाही. डोळ्यांना चालतं, खरजेला चालतं, सांध्यांना चालतं. वीज कडाडली की घरात शिंपडायचं. आमच्या गावात ते प्रत्येकीकडे असतं, पण प्रत्येकीकडे टिकत नाही. शेजारच्या आल्फोन्सीनचं जूनपर्यंत हिरवं होतं. माझं एकतीस वर्षांत एकदाही नासलेलं नाही. मी शाळेत दोन हिवाळे गेले. माझ्याकडे शेतं नाहीत, भाऊ फादर झालेला नाही, जावई बूट विकतो. गावात मला जो मान आहे तो त्या बरणीमुळे.

फर्नांने ती बरणी रिकामी केली आणि अर्धवट आटवलेलं मेपलचं पाणी तिच्यात भरलं. पहिल्या धारेचं, काचेसारखं नितळ. वर झाकण लावून बरणी होती तिथे ठेवून दिली.

संध्याकाळी मी ओविलाच्या गुडघ्याला चोळायला पाणी घेतलं. बरणी जास्तच भरलेली वाटली. काटकसर केली की अशी दिसून येते, म्हणून मला माझंच कौतुक वाटलं.

"अगं, विजार गुडघ्याला चिकटली," सकाळी ओविला पलंगावरून म्हणाला. "केसांसकट ओढली जातेय!"

"वाफेने," मी म्हटलं.

आणि घरात वाफ होतीच. स्वयंपाकघराचं छत ठिबकत होतं, भिंतीवरचा फुलाफुलांचा कागद कोपऱ्यांतून सुटून लोंबत होता. काहीही चिकट लागलं की मी फर्नांच्या पातेल्यांकडे बोट दाखवायची आणि तो कानापर्यंत लाल व्हायचा. मला वाटायचं, शरम आहे पोराला.

"आई, मला तुम्हाला एक—"

"आधी खिडकी उघडा, जावईबापू. मग बोला."

खिडकी उघडून येईपर्यंत त्याचा धीर सुटलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी आभाळ पुन्हा बिघडलं. भर मार्चात ढग गडगडले, आधी पाऊस, मग गारा. मी फरच्या झाडाची डहाळी पाण्यात बुडवली आणि घरभर शिंपडत निघाले. पडद्यांवर, पलंगांवर, देवाच्या तसबिरीवर. सोलांज मध्ये आली तर तिच्या केसांवर. वीज कुठेच पडली नाही. सकाळी मांजर जमिनीवरून एकेक पाय झटकत चाललं होतं आणि ओविला चालला की चट् चट् आवाज यायचा.

"वाफ!" मी म्हटलं.

"वाफ जमिनीवर पण पडते का?" सोलांजने केसांतून कंगवा ओढत विचारलं.

"तुझ्या नवऱ्याची पडते."

त्याच सकाळी आल्फोन्सीन आली. उजव्या डोळ्यावर ही एवढी रांजणवाडी. माझ्या दारात पाणी मागायला यायचं म्हणजे तिला विस्तव गिळण्यासारखं होतं, म्हणून आधी तिने हवेबद्दल बोलून घेतलं, मग कोंबड्यांबद्दल.

"माझं पाणी जरासं... संपलंय," शेवटी ती म्हणाली.

"हिरवं संपलं की पिवळं?"

"द्यायचं असेल तर दे, देल्विना. नसेल तर तोंड सोडू नकोस."

मी तिला पेलाभर दिलं. रात्री झोपताना लाव, म्हटलं. फर्नां शेगडीपाशी उभा होता. त्याच्या हातातून पळी पडली.

आल्फोन्सीनने रात्री पाणी लावलं आणि सकाळी तिची पापणी उघडेना. ती गरम पाण्याच्या फडक्याने शेकत बसली, तेव्हा कुठे डोळा उघडला. रात्री पुन्हा लावलं, सकाळी पुन्हा शेकलं. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी रांजणवाडी फुटली आणि डोळा लखलखीत झाला.

रविवारी तिने ते चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना सांगितलं. मनात नव्हतं, पण डोळा सगळ्यांनाच दिसत होता.

"असं ओढणारं पाणी मी आयुष्यात पाहिलं नाही," ती म्हणाली. "लावल्या लावल्या पकडतं!"

दुपारी सहा बायका बाटल्या घेऊन माझ्या दारात. मी खुर्चीत बसून वाटलं. कोणाला कंबरेसाठी, कोणाला नायट्यासाठी. खोटं कशाला सांगू, आयुष्यात त्या दुपारइतकी मी कधी फुगले नाही. फर्नां माझ्यामागे घिरट्या घालत होता.

"आई, दोन मिनिटं—"

"दिसत नाही का, माणसं आहेत?"

"म्हणूनच तर, आई—"

"जावईबापू, तुमचा पाक करपतोय."

करपत नव्हता. खरं म्हणजे पाक छान झाला होता. पळीवरून थेंब न पडता झालरीसारखा पडायचा, रंग फिक्या मधाचा. नऊ डबे भरले होते त्याने. मी चाखला नाही. चाखला असता तर चांगला म्हणावा लागला असता.

मग हवा तिसऱ्यांदा फिरली. सोमवारपासून रात्रीचंही गोठेना. रस्त्याचा चिखल झाला, मेपलच्या कळ्या फुगल्या, झाडांच्या पाण्याला वास यायला लागला. फर्नांने तोट्या काढल्या. आणि बुधवारी आल्फोन्सीन पुन्हा आली. या वेळी हवेबद्दल काही बोलली नाही. तिने सरळ टेबलावर बाटली ठेवली.

आतलं पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. बाटली तिरकी केली तर तार सुटत होती.

"तुझं पण नासलं, देल्विना," ती म्हणाली. तिचा तो बरा झालेला डोळा नुसता चमकत होता. "माझं जूनपर्यंत तरी राहतं. तुझं तर चार दिवसांत गेलं. सहाही जणींकडे हीच गत आहे. रविवारी सगळ्या बाटल्या पायऱ्यांवर आणणार आहोत."

ती गेली. मी बरणीचं झाकण काढलं. पांढरं. बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट, आणि आंबटाच्या मागे गोड. त्या गोडावर मी लहानाची मोठी झालेय.

"जावईबापू," मी म्हटलं. ओविलाने पेपर तोंडासमोर धरला.

"मी सांगणार होतो, आई. अकरा वेळा सांगायला आलो. मोजलंय मी."

"हे झाडाचं पाणी आहे."

"हो."

"आणि माझं?"

"फेकलं नाही!" तो घाईघाईने म्हणाला. "शपथ! पवित्र पाणी, ते मोरीत कसं ओतू? पातेल्यात ओतलं."

"कुठल्या पातेल्यात?"

त्याने नऊ डब्यांकडे बोट दाखवलं. पेपरामागून ओविलाच्या हसण्याने टेबल हलायला लागलं. मी त्याच्या गुडघ्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा थांबला.

मी चार दिवस विचार केला. गप्प बसले तर एकतीस वर्षांनी देल्विनाचं पाणी नासलं म्हणून गाव बोलणार. खरं सांगितलं तर देल्विनाच्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते देल्विनाला कळत नाही म्हणून बोलणार. शनिवारी रात्रीपर्यंत मी ठरवलं की मला मूर्ख म्हटलेलं चालेल, माझ्या पाण्याला नासकं म्हटलेलं चालणार नाही.

रविवारी सहा बाटल्या पायऱ्यांवर मांडलेल्या होत्या. फादरही बाहेर येऊन उभे राहिले होते.

"हे मेपलचं पाणी आहे," मी मोठ्याने म्हटलं. "माझ्या जावयाने बरणीत भरलं. मला कळलं नाही. तेरा दिवस मी तेच शिंपडलं, चोळलं आणि तुम्हाला वाटलं. आता हसा."

हसले. चांगले पोटभर हसले. फर्नां टोपी चुरगळत उभा होता.

"मग माझी रांजणवाडी कशाने बरी झाली?" आल्फोन्सीनने विचारलं.

"पापणी चिकटली म्हणून तू तीन दिवस गरम पाण्याने शेकत बसलीस, त्याने."

आता तिला हसले. पण आल्फोन्सीन सहजासहजी सोडणारी नाही.

"आणि तुझं खरं पाणी कुठंय मग? दाखव की!"

"पाकात आहे. नऊ डब्यांत. शेगडीवर दोन दिवस धडधडा उकळलंय आणि अजून नासलेलं नाही. ज्याला बघायचं त्याने घरी यावं."

मग कोणीतरी फादरना विचारलं की ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत असला पाक चालेल का. फादरांनी घसा खाकरला. त्यांचा घसा महिनाभर धरलेला होता.

"औषध म्हणून," ते म्हणाले, "चमचाभर चालावा."

त्या दुपारी अख्खं गाव आजारी पडलं. चमचे घेऊन आले, वाट्या घेऊन आले. ज्यांना काहीच होत नव्हतं त्यांना पुढे होईल अशी भीती होती. फादर तिसऱ्या चमच्याला म्हणाले की घशात जरा फरक वाटतोय. आल्फोन्सीन दोनदा आली, दुसऱ्यांदा कोपरासाठी. पुढच्या रविवारपर्यंत आठ डबे संपले, आणि "देल्विनाचं पाणी उकळलं तरी मरत नाही" असं लोक रस्त्यात बोलायला लागले. नवव्या डब्यातला एक चमचा मीही घेतला, दार लावून. चांगला होता. फार चांगला होता.

फर्नां स्वयंपाकघरात खुर्चीवर उभा राहून भिंतीचा कागद पिठाच्या खळीने चिकटवत होता. दोन आठवडे माझी बोलणी खायची वाट बघून त्याचा चेहरा उतरला होता. मी धुतलेली बरणी त्याच्या पायाशी ठेवली.

"खाली उतर, फर्नां. तेरा दिवस मी माझ्याच घरात साखरपाणी शिंपडत फिरले आणि माझ्यासमोर तुझ्या तोंडून एक धड वाक्य निघालं नाही. ईस्टरचं पाणी भरून घरी येईपर्यंत एक शब्द जरी बोललं तरी ते बाद होतं, आणि वाटेत आल्फोन्सीन भेटली की मला गप्प राहणं किती जड जातं ते माझं मला ठाऊक. यंदा ओढ्यावर तू जायचंस. गाढव आहेस, पण मुकं गाढव आहेस, आणि त्या कामाला मला तसंच हवंय."