आकृत्यांसहित पुस्तिका

व्यंकटराव मॅट्रिक झाले नसते तर त्यांची टुरिंग टॉकीज आजही चालली असती. हे मत खुद्द व्यंकटरावांचे आहे, आणि ते कुणी विचारले नाही तरी ऐकवतात.

झाले ते असे. ताडकळसच्या बाजारतळावर त्यांचा तंबू उभा असताना प्रोजेक्टरचे मशीन बिघडले आणि पडद्यावरचे चित्र उडू लागले. नायिकेचे पाय वर आणि डोके खाली दिसे. प्रेक्षकांची तक्रार नव्हती. पण पलीकडे व्हिडिओवाला टपून बसला होता. एका बाजाराला जरी खेळ बंद राहिला तरी ग्रामपंचायत ती जागा त्याला देणार, हे ठरल्यासारखेच होते. वडिलांनी उभारलेला तंबू आपल्या हातून उठणार, या विचाराने व्यंकटराव मशीनभोवती घिरट्या घालू लागले.

"मालक, झाकण काढून बघू का?" ऑपरेटर भुजंगने विचारले.

"पुस्तकाबगर मशीनला हात लावायचा न्हाई!" व्यंकटराव कडाडले. "आपण अडाणी हाव का?"

"अवो, नुस्तं बघा तरी," पंचफुलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "बघायला बी पुस्तक लागतंय का?"

अशा अशास्त्रीय प्रश्नाकडे पाठ फिरवून व्यंकटराव मशीनची पुस्तिका शोधायला निघाले.

नांदेडच्या एका दुकानात पुस्तिका मिळाली. तिच्यात पानोपानी 'आकृती पाहा' असे छापले होते, आणि आकृत्या कुणीतरी कात्रीने कापून नेल्या होत्या. मग बातमी लागली की परभणीच्या एका सरकारी कचेरीतर्फे पूर्वी तसल्याच मशीनवर खेडोपाडी माहितीपट दाखवत, आणि तिथे आकृत्यांसहित प्रत शाबूत आहे.

"पुस्तिका फक्त मशीनधारकाला दाखवता येते," तिथले लिपिक माणिकराव म्हणाले. "तुमी मशीनधारक हायेत, याला पुरावा काय?"

"मशीन तंबूत हाय की."

"मग आणा."

मशीन एस.टी.च्या टपावर चढले. पिंगळीपाशी गाडी खड्ड्यात आदळली आणि मशीनच्या आत काहीतरी खळखळले. आता चित्र उडायचेही बंद झाले. व्यंकटरावांना वाईट वाटले, पण थोडे समाधानही वाटले. पुस्तिकेची गरज आता निर्विवाद सिद्ध झाली होती.

पुस्तिका मात्र देखणी निघाली. रंगीत आकृत्या, प्रत्येक स्क्रूला बाण, प्रत्येक बाणाला क्रमांक. व्यंकटरावांचे डोळे भरून आले.

"बाहेर न्यायची न्हाई," माणिकराव म्हणाले. "मशीन हितंच उघडा. आन् पानाला तेलकट हात लागता कामा नये."

भुजंग एक स्क्रू काढी, साबणाने हात धुई, पान उलटी, आणि पुन्हा स्क्रूकडे वळे. कचेरी बंद होण्याच्या सुमारास सगळे मशीन सतरंजीवर सुटे झाले होते, अगदी आकृतीबरहुकूम.

"हे न्यायला गेटपास लागंल," माणिकराव म्हणाले. "आत आलंय एक मशीन. भाईर चालल्यात पोतंभर नग. मी कशाचा पास फाडू?"

"मग उद्या जोडूनच नेतो."

"उद्यापासून तपासणी हाय. पुस्तिका कपाटात बंद."

व्यंकटरावांना हे म्हणणे पटले. घात झाला तो इथेच. मॅट्रिक नापास माणसाने पोते खांद्यावर टाकून सरळ एस.टी. स्टँड गाठले असते.

तपासणीत पुस्तिकेच्या एका पानावर अंगठ्याचा तेलकट डाग आढळला. पुस्तिका निरुपयोगी ठरवून रीतसर निर्लेखित करण्यात आली आणि रद्दी म्हणून व्यंकटरावांच्या हवाली झाली. मशीन मात्र कोठीतच राहिले.

"पुस्तिकाच आमच्याकडं राहिली न्हाई," माणिकराव हळहळून म्हणाले, "तर ह्या आवारात मशीन जोडायची परवानगी कशाच्या आधारावर देऊ? आन् जोडल्याबगर भाईर कसं सोडू?"

हेही व्यंकटरावांना पटले.

बाजार आला आणि गेला. जागा व्हिडिओवाल्याला मिळाली. तंबू गुंडाळताना व्यंकटराव लहान लेकरासारखे रडले. हल्ली ते ओट्यावर पुस्तिका उघडून बसतात. येणारे-जाणारे आकृत्यांची तारीफ करतात. परवा पंचफुलाबाईंनी चहा ठेवता ठेवता सहज विचारले, "आता तरी सांगा, त्या मशीनला झालं काय होतं?"

व्यंकटरावांनी भुजंगकडे पाहिले. भुजंगने पुस्तिकेकडे पाहिले. कुणालाच ठाऊक नव्हते, कारण तेवढे बघायचे सगळ्यांकडून राहून गेले होते.

तुम्हाला हसू आले असेल. पण खरे सांगा, इथवर वाचताना तुम्हाला तरी काळजी कशाची होती? पुस्तिका मिळते की नाही, याचीच ना?