थुंकणाऱ्यांचे वैरी किसनकाका

मानवतच्या रस्त्यावर पचकन थुंकणाऱ्याच्या मागं एखादा म्हातारा राखेची पिशवी घेऊन पळताना दिसला, तर घाबरू नका. ते आमच्या शेजारचे किसनकाका, एसटीतले निवृत्त कंडक्टर. थुंकणाऱ्याची गचांडी धरून ते पिशवी पुढं करतात, "टाक राख! रस्ता बापाचा हाय का तुझ्या?"

एकदा त्यांनी वरातीतला नवरदेव घोड्यावरून खाली उतरवला. त्यानं पानाची पिचकारी थेट काकांच्या चपलेजवळ मारली होती. बँड थांबला, वऱ्हाडी अंगावर आले. काका तसूभर हलले नाहीत. शेवटी नवरदेवानं फेट्यासकट वाकून राख टाकली, तेव्हा कुठं वरात सुटली.

कुणी खोकलं की यांचे कान टवकारलेच. "थुंकी तपासली का?" आमच्या गल्लीत काहीही झालं तरी लोक सुई नाहीतर सलाईन मागतात. त्यावर काकांचा भयंकर राग. "आजार कोन्ता ते म्हाईत न्हाई अन् इलाज चालू! कुठं जायचं ते इचारल्याबिगर तिकीट फाडतेत का कुणी?" असं ओरडत ते खोकणाऱ्याला हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेतात.

समोरच्या घरातल्या सुनेला, रेखाला, त्यांनीच नेलं होतं. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, खोकला थांबला. आता हिच्यापासून धोका नाही, असं डॉक्टरांनीही सांगितलं. तरी सासूनं तिचं ताट वेगळंच ठेवलं आणि एका सकाळी तिला माहेरी, पोखर्णीला, धाडायला बॅग दारात आणून ठेवली. शिकलासवरलेला नवरा खाली मान घालून उभा. बघून माझंच डोकं फिरलं.

काका तर सरळ आत घुसले. "रेखा, भूक लागली. वाढ."

"तिच्या हातचं?" सासू किंचाळली.

"तिच्याच हातचं, तिच्याच ताटात! ताटानं पसरत न्हाई वैनी ही बिमारी, खोकल्यानं पसरती. अन् तिचा खोकला कवाच गेला. तिला धाडायचं असंल तर आधी मला उचलून बाहेर टाका!"

रेखानं डोळे पुसत पिठलं-भाकरी वाढली. काका मांडी ठोकून जेवायला बसले. नवरा थोडा वेळ बघत राहिला, मग त्यांच्या शेजारी बसला आणि त्याच ताटातला घास त्यानं तोंडात घातला. सासू बॅग आत घेऊन गेली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, आज मैदान मारलंत!"

ते हसले नाहीत. ओट्यावर टेकले.

"मला झालता टीबी, तरणा व्हतो तवा. बराबी झालो. पर घरच्यांनी ताट येगळं केलं ते येगळंच ऱ्हायलं. पोरगीबी कुणी देईना."

त्यांनी रेखाच्या दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, "पिठलं चांगलं करती रेखा. समोर बसून कुणी वाढलं की दोन घास जास्तच जातेत."