दहावीपासून सुरू झालेला धंदा

आमचे सुभेदार जत्रेतल्या पाळण्यात बसले तरी उतरल्यावर पाळणेवाल्याकडे पक्कं बिल मागतात. एकदा उंब्रजच्या न्हाव्यानं वैतागून कॅलेंडरचं पान फाडलं आणि त्यावर 'दाढी, कटिंग' असं लिहून दिलं. तेही त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. हा सगळा कचरा शेवटी कराडला माझ्या टेबलावर येऊन पडतो, कारण मी त्यांचा कर सल्लागार. ते मला वकीलसाहेब म्हणतात. मी वकील नाही, हे सांगणं आता मी सोडून दिलंय.

फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नवाच धंदा काढला, तोही बायकोच्या नावावर. ड्रोननं उसावर औषध फवारायचं. उडवणार मालनकाकू, औषध कालवणार आणि टेम्पो चालवणार सुभेदार. जन्मभर जवानांवर ओरडलेला हा माणूस बांधावर ताठ उभा राहून "पायलट मॅडम, टाकी भरली" असं सांगतो. मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि आमच्या भागातला माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

यंदा काकूंचं पहिलं रिटर्न होतं. सुभेदारांनी धंद्याआधीच्या खर्चाची पिशवी टेबलावर ओतली. प्रकल्प अहवालाचा खर्च ठीक होता. तो पाच वर्षांत विभागून वजा करता येतो. पण खालून निघाली ड्रोन प्रशिक्षणाची पावती, मग सतरा नंबरच्या फॉर्मची फी, गाईडं आणि चक्क कंपासपेटी. ड्रोनच्या परवान्याला दहावी लागते आणि काकूंची शाळा सातवीत सुटलेली. म्हणून पन्नाशीत त्या बाहेरून दहावीला बसल्या आणि पास झाल्या.

मी समजावलं, की धंदा करण्याजोगं होण्यासाठी घेतलेलं शिक्षण हा ज्याचा त्याचा खर्च, धंद्याचा नव्हे. ते घरखर्चात टाकावं लागेल. सुभेदारांचं म्हणणं, धंदा दहावीपासूनच सुरू झाला. आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी वैतागून म्हणालो, सूट मिळणार नाही, कर थोडा जास्त बसेल.

बसू दे, भरतो, असं ते शांतपणे म्हणाले. मग भांडताय कशासाठी, मी विचारलं.

ते हळू आवाजात म्हणाले, "सूट नगं मला, वकीलसाहेब. फकस्त ते घरखर्चात लिवू नका. मी तिकडं बॉर्डरवर, हितं तिनं रान बघितलं, म्हातारा-म्हातारी बघितली. शिकायचं हाय का, म्या कवा इचारलंच न्हाई. आजवर तिचं समदं घरखर्चातच गेलंय."

मला पुढं वाद घालवेना. मी हिशेबात वेगळी ओळ घातली: शिक्षणखर्च, मालनबाईंचा. वजावट, निरंक. नियमात एवढंच बसत होतं.

ते वाचून सुभेदारांनी तिथूनच काकूंना फोन लावला. काकू उचलेनात. त्या आटपाडीला बचतगटातल्या बायकांना ड्रोन शिकवायला गेल्या होत्या.

"वर्गावर आसल," सुभेदार मला म्हणाले.