बारा नंबरचे स्टेनरुड

त्या सोमवारी सकाळी रुग्णालयात बारा खाटा होत्या, अकरा रुग्ण, नऊ नवे संगणक, तळघरात कागदी फायलींची बावीस कपाटं आणि ती कपाटं पुन्हा उघडायला टपलेले एक डॉक्टर. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाचं हे गाव जेमतेम दोन हजार वस्तीचं. पण रुग्णांच्या नोंदींची नवी संगणकी सिस्टिम आणायचीच म्हणून मुख्य परिचारिका मार्लिस हिने विश्वस्तांचं दोन वर्षं डोकं खाल्लं होतं. डॉक्टर व्हेलन यांनी शेवटी होकार दिला, तोही अट घालून.

"पहिल्या दिवशी एक जरी घोटाळा झाला, तर उद्या फायली वर येतील."

म्हणून मार्लिस बर्फ तुडवत सगळ्यांच्या आधी कामावर आली आणि सराव करायला बसली. सरावाच्या पडद्याला हिरवी किनार होती, खऱ्याला निळी. तिने एक रुग्ण मनानेच तयार केला: मिलफर्ड स्टेनरुड, वय एक्याण्णव, खुब्याचं हाड मोडलेलं, जेवण बिनमिठाचं, नातेवाईक कोणी नाही. त्यांना एकुलती रिकामी खाट दिली, बारा नंबरची. सगळं एका दमात जमलं. खूश होऊन तिने कॉफी ओतून घेतली. किनार निळी आहे, हे काही तिच्या लक्षात आलं नाही.

सिस्टिमच्या मात्र सगळं लक्षात होतं. मार्लिस वॉर्डात फेरी मारून आली तेव्हा बारा नंबरवर नवी चादर होती, उशाशी खुब्याच्या रुग्णाला लागते तशी उशी होती आणि ट्रेमध्ये बिनमिठाची लापशी वाफाळत होती. ट्रेवर सुबक छापलं होतं: श्री. स्टेनरुड.

मार्लिसने धावत जाऊन पडदा पाहिला: किनार निळी. तरी एक मन म्हणालंच, काय देखणं काम आहे. कागदाच्या राज्यात बिनमिठाचा निरोप स्वयंपाकघरात पोचेपर्यंत रुग्ण खारट सूप पिऊन मोकळा झालेला असे.

तिने ड्वेनला कोपऱ्यात घेतलं. ड्वेन आधी परिचारक होता, आता संगणक सांभाळायचा.

"पुसून टाक ना रे त्यांना."

"ही सिस्टिमबाई माणूस पुसत नाही, मार्लिस. नोंद खोडता आली तर उद्या कुणीही काहीही खोडेल. घरी पाठवता येतं."

"मग पाठव."

"डॉक्टरांची सही हवी. आणि न्यायला घरचं माणूस."

"घरचं कुणी नाही. मीच तसं लिहिलंय."

"इतकं कठोर कशाला व्हायचं?" ड्वेन म्हणाला.

त्या कठोरपणाचं फळ लगेच दारात उभं राहिलं. एकटा रुग्ण आला की सिस्टिम चर्चच्या स्वयंसेवकांना निरोप धाडायची. त्यामुळे त्यांच्यातल्या आर्डिसबाई बटाटा आणि खिम्याचं गरम हॉटडिश फॉइलखाली झाकून घेऊन आल्या.

"मिलफर्ड ना? तळ्यापलीकडचे स्टेनरुड. वडिलांच्या गाई होत्या."

"तुम्ही ओळखता त्यांना?" मार्लिसचा आवाज चिरकला.

"अगं, न ओळखायला काय झालं? भाऊ फार गोड गायचा."

या गावात एखाद्याला ओळखत नाही म्हणणं म्हणजे त्याचा अपमान करणं. दुपारपर्यंत स्टेनरुडना एक भाऊ, दोन बहिणी आणि मोडलेलं एक लग्न लाभलं. डॉक्टर व्हेलनसुद्धा जाता जाता म्हणाले, "स्टेनरुड? गुडघा दाखवायला आले होते मागे. हट्टी माणूस. एक्स-रेहून आले की बघतो."

एक्स-रेला नेलंय, ही थाप मार्लिसचीच. आता ती फार वेळ टिकणारी नव्हती.

तेवढ्यात रुग्णवाहिका आली. ऑरिन हॉगेन, म्हातारा गवळी, न्यूमोनियाने फासळ्या वरखाली होत असलेला. रक्तातला ऑक्सिजन शहाऐंशी टक्क्यांवर घसरलेला. वादळामुळे शहराचा रस्ता बंद झालेला. आणि सिस्टिम ठामपणे सांगत होती: खाट शिल्लक नाही. खाटेशिवाय नोंद नाही, आणि नोंदीशिवाय औषधाचं कपाट उघडत नव्हतं.

"स्टेनरुडना हलवा कुठंतरी," डॉक्टर म्हणाले.

दोन वर्षांची मेहनत मार्लिसच्या डोळ्यांपुढून गेली. मग तिने ऑरिनच्या निळसर ओठांकडे पाहिलं.

"डॉक्टर, स्टेनरुड नाहीत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "कधी गेले?"

"जन्मलेच नाहीत. सकाळी मी बनवले. सराव करताना."

"पण त्यांचा गुडघा..." डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. ड्वेन छताकडे बघू लागला. डॉक्टरांचे कान हळूहळू लाल झाले.

"सही कुठं करायची?" त्यांनी विचारलं.

"इथं. आणि न्यायला माणूस..."

"माझं नाव घाल," आर्डिसबाई म्हणाल्या. भावाच्या गोड गळ्याचा विषय त्यांनीही काढला नाही.

मिलफर्ड स्टेनरुड उत्तम प्रकृतीत घरी गेले. सही होताच बारा नंबर मोकळा झाला, सफाईवाली न बोलावता चादर घेऊन हजर झाली, कपाट उघडलं, आणि ऑरिन खाटेवर आडवा होईतो त्याच्या नाकाशी ऑक्सिजन लागला होता. डॉक्टरांनी नेहमीचं प्रतिजैविक लिहिलं. पडदा लाल झाला.

"आता काय? हाही नाही का जन्मलेला?"

मार्लिसने वाचलं. तीस वर्षांपूर्वी, शेजारच्या परगण्यातल्या, आता याच सिस्टिमला जोडलेल्या दवाखान्यात, याच औषधाने ऑरिनचा घसा सुजून तो बेशुद्ध पडला होता.

"ऑरिन, औषधाचा त्रास नाही म्हणालास ना मघाशी?"

"ते होय," ऑरिन धापा टाकत म्हणाला. "तेवढ्यासाठी कशाला तुम्हाला तसदी."

डॉक्टरांनी ती ओळ दोनदा वाचली. आपल्या बावीस कपाटांत ती असणं शक्यच नव्हतं. ती दुसऱ्याच गावची होती. त्यांनी औषध बदललं आणि खुर्ची ओढून ऑरिनजवळ बसले.

"उद्या फायली वर आणायच्या ना?" मार्लिसने हळूच विचारलं.

"कसल्या फायली?" डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "जरा सरक, आकडा दिसत नाहीये."

ती सरकली. संध्याकाळी ऑरिनचा ऑक्सिजन चौऱ्याण्णव होता.